बांधावर मारवेल लावायचंय? एका गुंठ्यापासून सुरू करा

मे महिना लागला की आमच्याकडं पारावर एकच विषय, कडबा कितीनं चाललाय. ज्वारी कमी झाली, सगळं वावर सोयाबीननं घेतलं, आणि सोयाबीनच्या भुसकटावर जनावर किती दिवस काढणार सांगा बरं. मग पेंढ्या मोजून विकत आणायच्या. आणि गंमत बघा, ज्या बांधावरून आपल्या आज्यानं विळा चालवून भारे आणले त्याच बांधावर आपण पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारत फिरतो. मी पण मारलंय, खोटं कशाला बोलू, दोन वर्षं मारलं आणि तिसऱ्या पावसाळ्यात बांधच खचून खाली आला तेव्हा डोकं ताळ्यावर आलं.

तर हा लेख ज्यांनी आजवर मारवेलसारखं चाऱ्याचं गोड गवत कधी लावलं नाही त्यांच्यासाठी आहे. मी लावायला घेतलं तेव्हा मामा म्हणला, "गवत काय लावायचं असतंय व्हय रे, ते तर आपोआप येतंय." बरोबर आहे मामाचं, येतंय आपोआप, पण काय येतंय ते बघा की. गाजर गवत येतंय, तरोटा येतोय, माळावर कुसळी येतीय. मारवेल येत नाही, कारण बी पडायच्या आधीच ते जनावरानं मुळापर्यंत खाल्लेलं असतं. आपल्या दख्खनच्या पठाराचं मूळचं गवत म्हणजे शेडा आणि मारवेल, गवताचा अभ्यास करणारे लोक या सगळ्या पट्ट्याला त्या दोघांच्याच नावानं ओळखतात. पण चराई जास्त झाली की जनावर आधी गोड गवत संपवतं, मागं कुसळी माजती, आणि तिच्यावर पण चराईचा ताण आला की मग काडीसारखं बारीक टोचरं गवत उरतं ज्याला बकरी पण तोंड लावत नाही. गोड गवत आपोआप परत यायचं म्हणलं तर जवळपास कुठंतरी त्याचं बी पाहिजे, ते नसलं तर हातानंच लावावं लागतं, त्याला इलाज नाही. (आणि हो, गाजर गवत हे गवतच नाही बरं का, ते सूर्यफुलाच्या खानदानातलं झाड आहे, नावानं उगं गवताची बदनामी झाली.)

आधी ओळखायला शिका

याच्यात नवीन माणूस हमखास फसतो. मारवेलची खूण कांडीच्या पेरावर असती. ताठ कांडी धरा, पेराजवळ नीट बघा, पांढऱ्या बारीक केसांचं कडं दिसंल, जसं कुणी पायात तोडा घातलाय. शास्त्रीय नाव डायकँथियम ॲन्युलॅटम, त्यातल्या ॲन्युलॅटमचा अर्थच कडं असलेलं. पान अरुंद, थोडं निळसर हिरवं. तुरा आला की टोकाला बोटं पसरल्यासारखी दोनापासून आठ-नऊ कणसं एका ठिकाणाहून फुटतात, रंग हिरवट जांभळा, हात फिरवला तर मऊ केसाळ लागतं. पावसाळा सरत आला की म्हणजे भादव्यापासून दिवाळीपर्यंत तुरे दिसतात, ओळख करून घ्यायची ती याच दिवसात करा, उन्हाळ्यात वाळल्यावर सगळीच गवतं सारखी दिसतात.

याच्यासारखंच दिसणारं एक भाऊबंद गवत आहे, तुरा जवळपास तसाच, पण पान किंवा तुरा चुरगाळून वास घेतला की उग्र वास येतो. ते घेऊ नका, जनावर खातंय पण मन लावून खात नाही. आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे गाय. मोकळ्या बांधावर गाय सोडा आणि ती पहिल्यांदा कशाला तोंड लावती ते बघत बसा, पुस्तकापेक्षा लवकर कळतंय.

बी का ठोंब?

नवीन माणूस पहिलं विचारतो बी कुठं मिळंल. बी मिळतं, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडं गवतांवर बरंच काम झालंय, मारवेल-८ हे नाव तुम्ही ऐकलं असंल, झाशीच्या चारा संशोधन संस्थेत तर १९६२ पासून हेच काम चालतं. पण माझं ऐका, पहिल्या वर्षी बियाण्याच्या नादी लागू नका. मारवेलचं बी म्हणजे कापसाच्या रुवासारखं हलकं, त्याला वाकडी शेपटी, पाभरीच्या नळ्यातून खाली पडतच नाही, हातानं फेकलं तर वारं शेजाऱ्याच्या रानात नेतं. त्यात ताजं बी उगवत नाही, त्याला काही महिने झोप असती. वरून मुंग्या. मी पहिल्या वर्षी एक पिशवी बी टाकलं आणि उगवलं काय तर शिपी नावाचं तण, आणि ते मारवेलच आहे असं समजून मी महिनाभर त्याला पाणी घातलं.

ठोंब म्हणजे गवताच्या जुन्या बेटातून, म्हणजे झुपक्यातून, मुळासकट फोडलेले फुटवे. ते लावले की आठ-दहा दिवसात जीव धरतात आणि काय लावलंय ते तुम्हाला नक्की माहिती असतं.

जागा

मारवेलला काळी, मध्यम ते भारी जमीन मानवती. गोदावरी, मांजरा, सिंदफणा काठचं रान असंल तर काही विचारायचंच नाही. थोडी चोपण जमीन पण ते सहन करतं. बालाघाटाच्या माथ्यावर जिथं वीतभर मातीखाली मुरूम लागतो तिथं मात्र मारवेल रुसतं, तिथं शेडा, पवना नाहीतर अंजन गवत बघा, उगं मारवेलचा हट्ट धरू नका. दाट सावली नको, लिंबाखाली लावलं तर पातळ राहतं.

बांध हीच सगळ्यात चांगली जागा, कारण तिथं दुसरं काही पिकत नाही आणि मुळ्या माती धरून ठेवतात. पण सुरुवात बांधावर करू नका. सुरुवात विहिरीजवळ, गोठ्याजवळ, जिथं तुमचं रोज जाणं-येणं आहे अशा एका गुंठ्यात करा. हा गुंठा म्हणजे तुमची रोपवाटिका. पुढच्या वर्षीचे सगळे ठोंब इथूनच निघणार, बाहेर कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

हिशोब

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन ओळीत २ फूट आणि ओळीत १ फूट अंतर धरलं तर साधारण ५४५ ठोंब लागतात. एका चांगल्या जुन्या बेटातून १५ ते २० ठोंब निघतात, म्हणजे तीस-पस्तीस बेटं खणून आणली की काम झालं. ही बेटं कुठून आणायची तर गावाभोवती फिरा. रस्त्याच्या कडंला, रेल्वेच्या रुळाशेजारी, जुन्या मळ्याच्या ताटीला, स्मशानभूमीच्या कुंपणात जिथं जनावर शिरत नाही तिथं हमखास सापडतं. ज्याची जागा आहे त्याला विचारून घ्या. आणि एका जागेवरचं सगळं उपटू नका, चारातलं एक घ्या, तीन राहू द्या.

पुढच्या वर्षी या ५४५ बेटातून पंधरानं धरलं तरी ८ हजाराच्या वर ठोंब निघतात. बांधावर एका ओळीत फुटाला एक लावला तर ८ हजार फूट. एवढा बांध तर आमच्या चार भावकीचा मिळून पण नाही.

लागवड

मृगात घाई करू नका. मृगाचा पहिला पाऊस फसवा असतो, आपल्याकडं तर तो पडून पंधरा-वीस दिवस गायब होणं नवीन नाही. जमिनीत वीतभर ओल गेली, आर्द्रात दोन-तीन पाऊस झाले, पेरण्या उरकल्या, मग हाती घ्या. जुलैच्या मध्यापर्यंत लावलं तरी चालतंय. ढगाळ दिवस, झिमझिम चालू आहे, पेरणी झाल्यामुळं माणसं पण मोकळी आहेत, असा दिवस साधा.

त्याच्या आधी उन्हाळ्यात गुंठा नांगरून तापू द्या, हराळी आणि लव्हाळा असंल तर मुळ्या, गाठी वेचून काढा. हे काम कंटाळवाणं आहे पण याच्यात आळस केला की पुढं दोन वर्षं खुरपत बसावं लागतं. पाळी देताना चांगलं कुजलेलं शेणखत दोन-चार पाट्या टाका, कच्चं शेण टाकलं तर त्यातूनच सगळं तण येतंय.

लागवडीच्या दिवशी सकाळी बेटं खणा. कुदळ बाजूनं घाला, मधोमध मारू नका. वरचा पाला विळ्यानं कापून वीतभर ठेवा, नाहीतर पानातून पाणी उडून ठोंब सुकतो. मुळं लांब असतील तर तीन बोटं ठेवून छाटा. मग हातानं फोडा, प्रत्येक ठोंबात दोन-तीन फुटवे आणि खाली पांढरं मूळ पाहिजेच, मूळ नसलेला फुटवा म्हणजे नुसती काडी, तो गोठ्यात टाका. फोडलेले ठोंब ओल्या बारदान्यात गुंडाळून सावलीला ठेवा आणि जेवढे त्या दिवशी लागतील तेवढेच फोडा. मी एकदा उद्यासाठी म्हणून दोनशे ठोंब फोडून ठेवले, रात्री पाऊस नाही, दुसऱ्या दिवशी कडक ऊन, निम्मे गेले.

खुरप्यानं चार बोटं खोल खड्डा करा, ठोंब उभा ठेवा, माती लोटा आणि टाचेनं दाबा. दाबणं महत्त्वाचं. हलका ओढून बघा, हातात आला तर परत दाबा. वाढणारा कोंब मातीत गाडू नका, तो वर राहिला पाहिजे.

बांधावर लावताना (हे पुढच्या वर्षी) दोन ओळी घ्या, आणि दुसऱ्या ओळीतला ठोंब पहिल्या ओळीतल्या दोघांच्या मधी येऊ द्या, म्हणजे पाणी सरळ वाहून जात नाही. उताराच्या बाजूला आधी लावा. आणि शेजाऱ्याला सांगून लावा, आपल्याकडं बांध म्हणजे नाजूक विषय, भाऊ भावाला बोलायचा बंद होतो तो बांधापायीच. माझा शेजारी म्हणला हे पसरून माझ्या वावरात येतंय का. मारवेल बेटानं वाढतं, जमिनीलगत थोडी धाव घेतं पण हराळीसारखं मातीखालून चोरून जात नाही, पाळी घातली की काठावरचं निघून जातं. पण एकदम काहीच पसरत नाही असं सांगू नका, बी उडतंच. तिकडं अमेरिकेत टेक्सासमध्ये चाऱ्यासाठी हेच गवत नेलं, क्लेबर्ग ब्लूस्टेम म्हणतात त्याला, आणि तिथं ते आता नको तिथं माजलंय. आपल्याकडं ते घरचंच आहे, त्याला खाणारी जनावरं पण घरचीच आहेत.

पहिले दोन महिने

पहिल्या वर्षी मारवेलला गवत समजू नका, पीक समजा. एवढं एक केलं की पुढची कामं आपोआप सुचतात.

पंधरा दिवसांनी फेरी मारा, जे मेले तिथं नांग्या भरा, त्यासाठी पाच-पन्नास ठोंब एका कोपऱ्यात दाट लावून ठेवायचे. पहिलं खुरपण वीस-पंचवीस दिवसांनी, दुसरं त्याच्यानंतर महिन्याभरानं. खुरपायला बायका लावल्या तर आधी त्यांना पेरावरचं कडं दाखवा, नाहीतर "मालक, सगळं गवत काढलं बघा" म्हणून त्या तुमचंच मारवेल ढिगाला लावतील, आणि त्यांचा काय दोष, जल्मभर गवत काढायचंच तर सांगितलं त्यांना. पंचविसाव्या दिवशी खुरपणीनंतर ओल बघून गुंठ्याला अर्धा किलो युरिया फेकला तर फुटवा चांगला येतो, नाही टाकला तरी मरत नाही.

पाऊस पंधरा दिवस उघडला तर पाणी द्या. म्हणून तर विहिरीजवळ लावा म्हणलो.

आता सगळ्यात मोठा धोका, आणि तो जनावराचा नाही, पंपाचा आहे. सोयाबीनमध्ये गवत मारायला जी औषधं मारतात, क्विझालोफॉप वगैरे, ती नेमकी गवतालाच मारतात, सोयाबीन वाचतं आणि बांधावरचं मारवेल पिवळं पडून जातं. औषधाला मारवेल कोणतं आणि शिपी कोणती हे कळत नाही. म्हणून फवारणी वारं पडल्यावर, नोझलला टोपी लावून, बांधाकडच्या दोन ओळी सोडून करा, त्या दोन ओळी हातानं खुरपा. फवारणीला मजूर लावला असंल तर स्वतः उभं राहा, तो सवयीनं जाता जाता बांधावर पण पंप फिरवतोच.

जनावर पहिल्या वर्षी अजिबात आत नाही. अजिबात म्हणजे वासरू पण नाही. ठोंबाची मुळं घट्ट झालेली नसतात, जनावर पान तोडत नाही, अख्खा ठोंब उपटतं. बोराटीच्या फांद्या लावून कुंपण करा. दिवाळीच्या आसपास मेंढ्यांचे कळप फिरतात, मेंढपाळ ओळखीचा असतो, त्याला आधीच चहा पाजून सांगून ठेवा, मागून भांडण्यात काही अर्थ नाही.

कापणी

निम्म्या तुऱ्यांना फुलोरा दिसला की कापा. पहिल्या वर्षी एकच कापणी, दुसऱ्या वर्षापासून पाऊस साथ देईल तशा दोन, पाण्याची सोय असंल तर जास्त. लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे वाट बघत बसतात, भारा मोठा होऊ दे म्हणून. भारा मोठा होतो पण बी धरलं की काडी लाकडासारखी होती, कस उतरतो, जनावर पानं खाऊन काड्या तुडवतं. दुसरं म्हणजे विळा मातीला टेकवून कापतात. खाली चार बोटं ठेवा. नवा फुटवा तिथूनच येतो, तीच त्याची शिल्लक आहे.

वाळवायचं असंल तर सोयाबीनच्या राशी उरकल्यावर कोरडं ऊन बघून कापा, दोन-तीन दिवस पातळ पसरून रोज एकदा उलटवा. मुठीत पिळल्यावर ओल लागली नाही आणि रंग अजून हिरवट आहे तेव्हा पेंढ्या बांधा. ओलं असताना गंजी रचली तर आतून तापून बुरशी येती, तो वास आला की देवणी बैल तर सोडाच, म्हैस पण मान फिरवती. गंजीच्या खाली दगड आणि पळकाट्या टाका.

बी धरायचं असेल तर

दहा-वीस बेटं न कापता सोडा. बी सगळं एकदम पिकत नाही, पिकलेलं झडत जातं, म्हणून आठवड्यातून दोनदा हातानं तुरा ओरबाडून पिशवीत घ्यायचा. सावलीत वाळवा आणि कापडाच्या पिशवीत पुढच्या पावसाळ्यापर्यंत लटकवून ठेवा, तोवर त्याची झोप मोडती. प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम येतो. पेरताना ओलसर माती किंवा शेणात घोळून छोट्या गोळ्या करा, उथळ रेघा ओढून त्यात टाका आणि वरून बोराटीचा फेसाटा ओढा, बस, एवढंच झाकण पुरे, खोल गेलं तर उगवत नाही. ही मेहनत गायरानासारख्या मोठ्या रानासाठी. त्या रानात मधीमधी शेवरा असंल तर उपटू नका, तो शेंगवर्गातला आहे, चाऱ्याला पण चांगला. स्टायलो (हा पण शेंगवर्गातला चारा) टाकणार असाल तर त्याचं बी कडक कवचाचं असतं, पाणी उकळायच्या आधी उतरवून त्यात चार-पाच मिनिटं बुडवून काढा, मग सावलीत सुकवून पेरा.

दुसऱ्या वर्षापासून

आता जनावर सोडायला हरकत नाही पण सगळ्या रानात एकदम नको. तीन-चार तुकडे करा, एक चरला की त्याला महिनाभर विश्रांती. आणि पावसाळ्याचे पहिले सहा आठवडे कुणालाच आत सोडू नका, कोवळ्या फुटव्यावर जनावर लै तुटून पडतं आणि बेट तिथंच खचतं. गावच्या गायरानात करायचं असंल तर हे एकट्यादुकट्याचं काम नाही, ग्रामसभेतून चराईबंदी लागती. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं ती केली, मोकळी चराई बंद आणि गवत कापून न्यायला मोकळीक. आमच्या गावात मी हा विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न आला, "मग आमच्या शेळ्यांनी काय उपाशी मरायचं का?" बरोबर प्रश्न आहे, ज्याच्याकडं चार उस्मानाबादी शेळ्या सोडून काहीच नाही त्याला गायरानाचा एक कोपरा आधी मोकळा ठेवा, मगच बाकीच्याला कुंपण घाला. नाहीतर कुंपण रात्रीत जातंय.

उन्हाळ्यात बांध पेटवायची सवय सोडा. राखेनंतर हिरवं फुटतं ते खरं, पण दरसाल जाळलं की कुसळी जोर धरती, तिचं बी शेपटीला पीळ देत देत मातीत घुसून बसतं, आग वरून निघून जाती.

चार-पाच वर्षांनी बेट मधून पोकळ व्हायला लागतं, कडेला हिरवं आणि मधी वाळकी काडी. तेव्हा आर्द्रात ते खणा, कडेचे ताजे फुटवे फोडून परत लावा, मधला भाग उकिरड्यावर टाका. जास्तीचे ठोंब निघाले तर शेजाऱ्याला द्या, तोच शेजारी जो वावरात पसरंल म्हणून नको म्हणत होता. माझ्यावाला गेल्या पावसाळ्यात दोन बारदाने भरून घेऊन गेला, आणि लावताना कोंब गाडू नको म्हणून सांगितलं तर म्हणला, "माहीत आहे रे, मला शिकवू नको."